फोर्कलिफ्टचा प्लग जीपच्या तोंडावर

मराठवाड्यातल्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या गोदामात पाळी संपते, तेव्हा विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टचा चालक गाडी बंद करतो, बाजूला लटकणारा मुठीएवढा प्लास्टिकचा ठोकळा ओढून सोडवतो आणि तोच ठोकळा चार्जरच्या तोंडात दाबून बसवतो. पाना नाही, चिमटे नाहीत, पॉझिटिव्ह कोणता आणि निगेटिव्ह कोणता याचा विचारही नाही. काही सेकंदांचं काम. आत दोन जाड तांब्याच्या जिभा असतात, आणि शेकडो अँपिअर वीज त्यांच्यातून जाऊ शकते.

हाच ठोकळा हल्ली थार, जिप्सी, गुरखा अशा फोर-बाय-फोर गाड्यांच्या तोंडावर दिसू लागला आहे. हौशी मंडळी त्याला नुसतंच ‘अँडरसन’ म्हणतात. काम सोपं आहे: गाडीच्या बॅटरीचे दोन ध्रुव जाड केबलने बाहेर आणून ठेवायचे, म्हणजे बॉनेट न उघडता बॅटरीला वीज देता येते किंवा तिच्याकडून घेता येते. काम सोपं असलं, तरी ते बसवताना होणाऱ्या चुका गाडी जाळू शकतात. म्हणून जरा खोलात जायला हवं.

आधी गरज कुणाला ते पाहू. मराठवाड्यातलं खरं ऑफ-रोडिंग डोंगरावर होत नाही, ते पाणंद रस्त्यावर होतं. बेसॉल्ट झिजून झालेली काळी माती पाणी प्यायली की फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चांगली फोर-बाय-फोर गाडीही जुलैत शेताच्या वाटेवर पोटापर्यंत बसते. अशा वेळी गाडीचं नाक ओढ्याच्या काठात रुतलेलं असतं, दिवे आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) चालवून बॅटरी बसलेली असते आणि बाजारातली जंपर केबल मदतीला आलेल्या गाडीच्या बॅटरीपर्यंत पोचत नाही. दोन्ही बॉनेट उघडायची, चिखलाच्या हातांनी चिमटे लावायचे, वरून पाऊस. काही गाड्यांत तर बॅटरी बॉनेटखाली नसतेच. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये ती आसनाखाली असते, म्हणजे आधी माणसं आणि सामान उतरवा.

सैन्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप सहा व्होल्टची होती. तिची वारसदार एम-३८ ही १९५० मध्ये आली ती २४ व्होल्टची, आणि तिच्या अंगावरच बाहेरून वीज घेण्याचं सॉकेट होतं. पुढे नाटो देशांनी लष्करी वाहनांसाठी २४ व्होल्टचं एकच सॉकेट ठरवलं: मधला खांब पॉझिटिव्ह, भोवतालचं कडं निगेटिव्ह. एका देशाचा ट्रक दुसऱ्या देशाच्या रणगाड्याला सुरू करून देऊ शकतो तो त्यामुळे. स्वातंत्र्यानंतर लगेच महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, पण त्या मुलकी जातीच्या होत्या. जीपचा चेहरा आपल्याकडे आला, चार चाकांची ओढ आली, बाहेरचं सॉकेट मात्र आलं नाही. चिकलठाणा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांनाही ही सोय असते. नाकाखालचं झाकण उघडून जमिनीवरच्या यंत्राची केबल लावली की इंजिनं बंद असतानाही विमानातले दिवे चालू राहतात.

आता त्या ठोकळ्याबद्दल. अँडरसन ही अमेरिकेतल्या बोस्टनची, १८७७ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्या एसबी मालिकेची खुबी अशी की त्यात नर-मादी नाही. दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे असतात. एक दुसऱ्यासमोर उलटा धरला की बसतो. त्यामुळे वीज देणाऱ्या आणि घेणाऱ्या अशा दोन्ही गाड्यांवर एकच कनेक्टर आणि मधल्या केबलच्या दोन्ही टोकांना तोच. मदत करणारा उद्या मदत मागणारा झाला तरी काही बदलावं लागत नाही. माझ्या मते या रचनेची खरी हुशारी हीच आहे, अँपिअरच्या आकड्यात ती नाही.

आकडे नावातच आहेत. एसबी-५० म्हणजे ५० अँपिअर, पुढे १७५ आणि ३५०. पन्नासचा छोटा ठोकळा फ्रिज, हवेचा कॉम्प्रेसर किंवा चार्जर यांना पुरतो. गाडी सुरू करून द्यायची असेल तर १७५चा हवा, आणि मागच्या हुकवर लावायची सुटी विंच असेल तर ३५०चा विचार करावा, कारण मोठी विंच पूर्ण भारावर चारशे अँपिअरच्या आसपास ओढते. १७५च्या कनेक्टरमधून काही सेकंद त्याहून जास्त गेले तर तो वितळत नाही. तो आकडा सतत वाहणाऱ्या विजेचा आहे. रंगांनाही अर्थ आहे. कारखान्यांच्या रिवाजात पिवळा १२ व्होल्टला, लाल २४ला, करडा ३६ला आणि निळा ४८ला. वेगळ्या रंगाचे दोन ठोकळे एकमेकांत बसूच नयेत अशी आत खाच असते. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऑफ-रोड मंडळींनी १२ व्होल्टला करडाच वापरायचा प्रघात पाडला आणि जगभरचे हौशी त्यांच्यामागे गेले. तुमच्या गटात जो रंग ठरला असेल तोच घ्या. वाळूजमधून फोर्कलिफ्टचा जुना ठोकळा स्वस्तात मिळाला म्हणून निळा लावलात, तर ओढ्यात अडकल्यावर तो कुणाच्याच केबलशी जुळणार नाही.

पण ठोकळा हा या कामातला सोपा भाग. यश-अपयश ठरतं ते केबलच्या जाडीवर, आणि नेमकी तिथेच लोक काटकसर करतात. हिशोब करून पाहा. प्रत्येक गाडीत बॅटरीपासून कनेक्टरपर्यंत एक मीटर, मधली केबल चार मीटर: जाण्याचे सहा आणि येण्याचे सहा, असे बारा मीटर तांबं. डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना २०० अँपिअर ओढतो असं धरू. दहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरला सुमारे १.८ मिलिओहम. बारा मीटरचा झाला जवळजवळ २२ मिलिओहम आणि २०० अँपिअरला वाटेतच चार व्होल्टहून जास्त गळती. भाराखाली देणारी बॅटरी १२ व्होल्टवर असेल, तर पलीकडे पोचतात आठच्याही खाली. एवढ्यात सेल्फ नुसता टकटक करतो. तीच केबल २५ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पावणेदोन व्होल्टच्या आत येते, ५०ची घेतली तर एकाच्या आत. म्हणून सुरू करून देण्यासाठी २५ ही किमान आणि ३५ ही शहाणी निवड. विंचसाठी त्याहून जाड.

आपल्याकडे वेल्डिंगची केबल यासाठी उत्तम. तिच्यात केसासारख्या बारीक शेकडो तारा असल्याने ती लवचीक असते आणि औद्योगिक शहरात ती मिळवायला फार शोधावं लागत नाही. पण खात्री तांब्याची करून घ्या. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त जंपर केबल बाहेरून अंगठ्याएवढ्या जाड असतात. आत प्लास्टिक जास्त, धातू कमी, आणि तो धातूही तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण साठ टक्के. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर केबल परत करा. फक्त एक अपवाद: तांब्यावर कथिलाचा मुलामा दिलेली केबल बाहेरून चंदेरी आणि आतून लाल असते, ती चांगली.

जोड हा दुसरा चोर. एका जोडाचा रोध एक मिलिओहम असला, म्हणजे मीटरवर धड दिसणारही नाही एवढा, तरी २०० अँपिअरला तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण तेवढीच असते. आणि ती उष्णता तुमच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात कोंडलेली! म्हणून केबलच्या टोकाची थिंबल आणि कनेक्टरची जीभ हातोडीने चेपून भागत नाही. षट्कोनी जबड्याच्या हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनने दाबून घ्यावी; विजेच्या पॅनलचं काम करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतं. झाळून घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत नको असंच आहे. कथील तारांमध्ये वर चढतं, तो भाग ताठ होतो आणि खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी केबल नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. शिवाय जोड तापला तर कथीलच आधी वितळतं.

आता फ्यूज. बाहेरच्या कनेक्टरला जाणारी पॉझिटिव्ह केबल किल्ली काढली तरी जिवंत असते. ती रेडिएटरच्या बाजूने, पत्र्याच्या धारदार कडांवरून जाते आणि रोज थरथरते. एखाद्या दिवशी आवरण घासून तांबं पत्र्याला टेकलं, की बॅटरी हजार-दीड हजार अँपिअर सहज ओकते. काही सेकंदांत केबल लाल होते आणि तिला विझवायचं बटण कुठेच नसतं. फ्यूज त्यासाठी. तो केबलला वाचवतो, यंत्राला नव्हे, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत हवा. कनेक्टरजवळ बसवलेल्या फ्यूजचा उपयोग शून्य, कारण घासणारी केबल त्याच्या अलीकडे असते. फ्यूजचा आकडा केबलला सोसेल त्यावर ठरवायचा आणि जात मंद वितळणारी घ्यायची, म्हणजे सेल्फच्या पहिल्या झटक्याला तो उडत नाही. मोठे बोल्टने बसवायचे मेगा किंवा एएनएल प्रकारचे फ्यूज मिळतात. स्टार्टरच्या केबलला कंपनी फ्यूज देत नाही, मग आपण कशाला, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. कंपनीची ती केबल आखूड असते, ठरलेल्या क्लिपांमध्ये बांधलेली असते आणि गाडीच्या नाकाशी येत नाही. समोरून धडक बसली तर पहिली चेपते ती आपली केबल.

कनेक्टर कुठे बसवायचा, यावर हौशी लोकांत बरेच वाद आहेत. बंपरवर खाली बसवला तर दिसायला रुबाबदार, पण तिथे चिखलाचा मारा सर्वांत जास्त. नव्या थारसाठी कंपनी पाण्याची ६५० मिलिमीटर खोली चालेल असं सांगते. कनेक्टर त्या रेषेच्या वर ठेवला तर बरं. थोडक्यात, ग्रिलची उंची. ग्रिलच्या मागे एका कडेला, रेडिएटरच्या हवेत फार आडवा येणार नाही असा, तोंड किंचित खाली झुकलेलं, म्हणजे आत गेलेलं पाणी टिकत नाही. रबरी झाकण पाहिजेच. बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही, पण ओल्या चिखलात सतत जिवंत राहिलेली पॉझिटिव्ह जीभ हिरवी पडायला वेळ लागत नाही, आणि हिरवी जीभ म्हणजे पुन्हा तोच मिलिओहम. जिभांवर चांदीचा मुलामा असतो तो पॉलिश पेपरने घासून काढू नका. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे.

केबल पत्र्यातून जिथे जाईल तिथे रबरी ग्रोमेट, बाकी वाटेवर फ्लेक्सिबल पाइप, आणि दर वीतभर-दोन वितींवर पक्की क्लिप. एअरबॅगचे सेन्सर पुढच्या भागात असतात, तेव्हा कंपनीचं माहितीपुस्तक न पाहता ड्रिल चालवू नये. ठोकळ्याचा पत्रा गाडीच्या मूळ बोल्टलाच बांधता आला तर सर्वांत उत्तम. पुढे लोखंडी गार्ड लावून त्यावर कनेक्टर बसवायची कल्पना लोकप्रिय असली, तरी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच क्रॅश गार्ड-बुल बारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसत नाही. ग्रिलमागच्या कनेक्टरने तसा तपशील बदलत नाही, पण वॉरंटी चालू असेल तर विजेच्या जोडणीबद्दलच्या तिच्या अटी आधी वाचाव्यात.

निगेटिव्ह केबल थेट बॅटरीला लावायची की बॉडीला? साध्या जुन्या गाडीत बॅटरीच्या टर्मिनलला लावली तरी बिघडत नाही. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद-चालू होतात, त्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बहुधा बॅटरीची तब्येत मोजणारा सेन्सर असतो. आपली केबल त्याला वळसा घालून गेली तर त्याचा हिशोब चुकतो. तिथे निगेटिव्ह चेसिसच्या मूळ अर्थ-बोल्टला द्यावी, आणि तो बोल्ट रंग खरवडून उघड्या धातूवर आवळावा.

एक धोका ठोकळ्याच्या हुशारीतून सुटतो. नर-मादी नसलेला कनेक्टर उलटा बसत नाही हे खरं, पण आत पॉझिटिव्ह कुठे बसवायचा ते क्रिम्पिंग करणारा ठरवतो. ठोकळ्यावर अधिक-उणे कोरलेलं असतं. तेच पाळायचं, लाल केबल अधिकच्या खणात. एका गाडीत कारागिराने उलटं बसवलं, तर चिमट्यांच्या वेळी दिसणारी चूक इथे प्लास्टिकच्या आत दडते आणि पहिल्याच जोडणीला अल्टरनेटरचे डायोड जळतात. नवा कनेक्टर बसवला की मल्टिमीटर लावून ध्रुव तपासल्याशिवाय दुसरी गाडी जोडू नये. दुसऱ्याची केबल हातात आली तर तीही तपासावी, मित्राची असली तरी.

ट्रकचं प्रकरण वेगळं. धुळे-सोलापूर महामार्गावरच्या ढाब्यावर जीप सुरू होईना, की मदतीला ट्रकवालाच धावतो. मोठे ट्रक २४ व्होल्टचे, म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. ड्रायव्हर सवयीने त्यातल्या एकीवरून जोडणी देतो आणि बहुतेक वेळा ते जमतंही. पण कोणती बॅटरी? जिचा निगेटिव्ह चेसिसला आहे ती चालेल. वरच्या बॅटरीचा निगेटिव्ह हा ट्रकच्या चेसिसपेक्षा १२ व्होल्ट वर असतो. तिच्यावरून जीपला वीज दिली आणि दोन्ही गाड्यांमध्ये ओढायची साखळी लावलेली असली, किंवा बंपर बंपरला टेकला, तर त्या साखळीतूनच शॉर्ट होतो. एरवीही चिखलात गाडी ओढून काढताना साखळी किंवा विंचचा पोलादी दोर दोन गाड्यांना जोडत असेल, तर कनेक्टर लावू नये. निगेटिव्ह जोड कच्चा असला की सेल्फची वीज दोरातून परतायला लागते. आधी गाडी सुरू करा, केबल काढा, मग ओढा. कनेक्टर भार चालू असतानाही ओढू नये. ठिणगी जिभा खाते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. हवेत चार टक्क्यांहून अधिक झाला की पेट घेऊ शकतो. बाहेरच्या कनेक्टरचा मोठा फायदा इथेच आहे: जोडताना उडालीच तर ठिणगी बॅटरीपासून लांब उडते. चिमट्यांच्या केबलने शेवटचा निगेटिव्ह इंजिनाच्या लोखंडाला लावायला सांगतात, त्यामागेही हेच कारण.

इतकं सगळं करून हा कनेक्टर सर्वांत जास्त वापरला जातो तो चिखलात नाही, पार्किंगमध्ये. शहरातली बरीचशी फोर-बाय-फोर मंडळी रविवारीच बाहेर पडतात. आधुनिक गाडी उभी असतानाही घड्याळ, अलार्म, संगणक यांसाठी साधारण ५० मिलिअँपिअर खाते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६. साठ-सत्तर अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत अर्धी रिकामी होते, आणि अर्धी रिकामी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट साचून लवकर म्हातारी होते. वरून इथला मे महिना, चाळिशीपार तापमान आणि बॉनेटखाली त्याहून जास्त. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. उन्हाळा बॅटरी मारतो आणि डिसेंबरच्या सकाळी सेल्फ मारल्यावर ते आपल्याला कळतं. घरच्या चार्जरच्या तारेला तोच ठोकळा बसवून घेतला, की गाडी लावताना प्लग जोडायचा आणि निघताना काढायचा. फोर्कलिफ्टवाला जे पाळीच्या शेवटी करतो, तेच.

ट्रॅक्टरला याची गरज जीपपेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. हंगामांच्या मधल्या दिवसांत तो उभा असतो, नांगरटीच्या पहिल्या सकाळी बॅटरी बसलेली आणि धक्का द्यायला माणसं गोळा करावी लागतात. एक १७५चा ठोकळा, दोन मीटर केबल आणि एक फ्यूज एवढ्याने ते टळतं. जुन्या ट्रॅक्टरला नाही वॉरंटीचा पेच, नाही एअरबॅगचे सेन्सर.

काम झाल्यावर एक चाचणी करायची. दोन गाड्या जोडा, देणारी चालू ठेवून आठ-दहा मिनिटं थांबा म्हणजे बसलेली बॅटरीही थोडी भरते, मग घेणाऱ्या गाडीचा सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक पिन देणाऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी घेणाऱ्याच्या पॉझिटिव्हवर धरा. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर एकेक जोड मोजत पुढे सरका: टर्मिनल ते फ्यूज, फ्यूज ते कनेक्टर, कनेक्टरच्या आरपार. मग हेच निगेटिव्ह बाजूला. दोषी बहुतेक वेळा निगेटिव्ह बाजूलाच सापडतो: रंग न खरवडता आवळलेला तो अर्थ-बोल्ट.